पाटाकडचे मळे आणि आमचा नकाशा

‘तंत्रज्ञानात भरारी घेणाऱ्या स्त्रिया’ असा काहीतरी विभाग या दिवाळी अंकात करायचा आहे, तुम्ही उपग्रहांवर काम केलंय ना, मग लिहा, असा फोन आला तेव्हा मला हसूच आलं. उपग्रहांवर काम! जणू मी शिडी लावून वर चढत होते आणि ओल्या फडक्याने त्याची काच पुसत होते. अहो, मी सगळी वर्षं काम केलं ते खाली, ढेकळांत. भरारी वगैरे घेतली नाही. एक मोपेड होती, ती चढावर बंद पडायची. तरीही लिहिते, कारण या धंद्याबद्दल आजवर जे छापून आलं ते सगळं साहेब लोकांनी लिहिलेलं आहे, आणि ते वाचून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी मूळची मनमाडची. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये. मनमाडला वाढलेल्या बाईला दोन गोष्टी येतातच. एक, गाडीच्या आवाजावर आवाज चढवून बोलणं, आणि दोन, पाण्याच्या रांगेत आपली जागा न सोडणं. भूगोल घेऊन पदवी केली आणि नव्वदच्या दशकात नाशिकला गंगापूर रोडवर एका कंपनीत लागले. कंपनी म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. त्यातली एक खोली कॉम्प्युटरची. तिथे एसी होता, आणि तो माणसांसाठी नसून यंत्रासाठी आहे हे साहेब आम्हाला दर उन्हाळ्यात समजावून सांगत. स्वतः मात्र स्वेटर घालून दिवसभर तिथेच बसत.

काम काय, ते सोपं करून सांगते. उपग्रह वरून जमिनीचा फोटो काढतो. तो फोटो म्हणजे बारीक बारीक चौकोन. आमच्या वेळी एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे साधारण पाच गुंठे. त्या पाच गुंठ्यांत काय आहे, शेत, घर, झाड, पाणी की नुसती माती, हे कॉम्प्युटरने रंगावरून ओळखायचं आणि नकाशा रंगवायचा. पण कॉम्प्युटरला आधी शिकवावं लागतं. हा रंग म्हणजे ऊस, हा म्हणजे द्राक्ष, हा म्हणजे बाभळीचं रान. मग कोणीतरी त्या जागी जाऊन, डोळ्यांनी बघून, लिहून आणायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. नकाशा तयार झाला की पुन्हा जायचं आणि कॉम्प्युटरने बरोबर ओळखलं का ते बघायचं. तेही मीच. हातात जीपीएसचं यंत्र असायचं. सुरुवातीच्या काळात ते इतकं चुकायचं, की मी विहिरीच्या काठावर उभी असताना ते मला शेजारच्या गावात दाखवायचं.

आणखी एक गंमत. या फोटोत हिरवं पीक लाल दिसतं. मुद्दाम तसं करतात, झाडोरा ओळखायला सोपं जातं म्हणून. लोकांना हे सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. आमच्याकडे आलेला एक पाहुणा अधिकारी तो फोटो बघून म्हणाला होता, “बापरे, इतकी आग लागली होती?” पुढे तोच आमच्या विषयावर भाषणं द्यायला लागला.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी थेट जिना चढून आला. कोणत्या गावात किती कांदा लावलाय ते वरून आधीच कळतं असं त्याने कुठेतरी ऐकलेलं. फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “बाई, कांदा जमिनीत असतो. मग ह्याच्यात पात दिसते का कांदा?” म्हटलं, पातही धड दिसत नाही. “मग भाव?” म्हटलं, तो तर तुमच्याच हातात. माणूस खो खो हसला आणि साहेबांच्या वाटणीचा चहा पिऊन गेला. मला तो आवडला. निदान त्याला काय हवंय ते त्याला माहीत होतं.

दिंडोरीकडच्या एका बड्या बागायतदाराचं प्रकरण मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल पार बोडका करतात. फोटो नेमका त्या आठवड्यातला. कॉम्प्युटरने त्याच्या अख्ख्या बागेला रंग दिला पडीक जमिनीचा. मी जागेवर जाऊन आले, चूक आहे म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, “शैलाबाई, नियम म्हणजे नियम. फोटोत दिसतं तेच दाखवायचं.” मग बागायतदाराने कोणाला तरी फोन केला, त्याने आणखी कोणाला केला, आणि दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः खुर्ची ओढून बसले आणि आपल्या हाताने ती बाग रंगवली. नियम कुठे गेला, देव जाणे.

आता आमच्या दुसऱ्या टेबलाबद्दल. साहेबांचं एक लाडकं वाक्य होतं, “डेटा म्हणजे डेटा.” त्यामुळे मिळेल ते काम घ्यायचे. एका वर्षी त्यांनी फ्रेंच घेतलं. बाहेरदेशीच्या कुठल्याशा संशोधकांना फ्रेंच माणसं रोजच्या आयुष्यात कशी बोलतात त्याचा अभ्यास करायचा होता. त्यांनी बोलण्याच्या कॅसेटी पाठवल्या, आणि फ्रेंच शिकलेली मेधा नावाची मुलगी कानाला हेडफोन लावून ते जसंच्या तसं टाईप करायला बसली. एका टेबलावर नाशिकची जमीन, दुसऱ्यावर फ्रेंच म्हाताऱ्यांच्या गप्पा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, ही कंपनी आहे की खानावळ.

मेधाचं काम बघून मला हेवा वाटायचा. तिच्या गिऱ्हाइकाचे नियम कडक होते. बोलणारा अडखळला, तर अडखळला म्हणून लिहायचं. खोकला, तर खोकला म्हणून लिहायचं. एक म्हातारा आपल्या हरवलेल्या गाईबद्दल बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा, तर ती शांतताही लिहायची. आणि चार वेळा ऐकूनही एखादा शब्द कळला नाही, तर आपल्या मनाने काही घुसडायचं नाही. तिथे एक खूण करायची. खुणेचा अर्थ, इथे माणूस काहीतरी बोललाय, पण आम्हाला कळलेलं नाही.

“म्हणजे कळलं नाही असं लिहिलं तरी चालतं?” मी विचारलं.

“चालतं काय, शैलाताई, लिहावंच लागतं,” मेधा म्हणाली. “नाहीतर काम परत पाठवतात.”

आमच्याकडे अशी खूण नव्हती. आमच्या नकाशात प्रत्येक चौकोनाला रंग हवा. कळो न कळो, काहीतरी फासायचं. आणि ज्याचं काहीच जमत नाही ते सगळं कुठे ढकलायचं, तर ‘पडीक व इतर’ या खान्यात. घरात जसा एक माळा असतो, नको ते सगळं वर टाकायला, तसा तो खाना.

दोन हजार सालाच्या पुढे एका सरकारी खात्याचं काम आलं. नाशिक शहराच्या कडेची जमीन रंगवून द्यायची. खात्याला मोकळी जागा हवी होती, फुलं आणि भाजीपाल्याचं मोठं बाजार संकुल बांधायला. काम साधंच. पण या कामाला एक नियम होता. अडीच एकराच्या आतलं काही नकाशात वेगळं दाखवायचं नाही. लहान तुकडा असला की शेजारच्या मोठ्या तुकड्यात मिसळून टाकायचा. कॉम्प्युटरला एक आज्ञा दिली, की तो हे आपोआप करतो. लहान तुकडे पटापटा नाहीसे होतात, नकाशा स्वच्छ दिसतो. साहेबांना तो क्षण फार आवडायचा. चहा मागवायचे.

शहराच्या उत्तरेला, पाटाच्या कडेने, फुलवाल्यांचे मळे होते. कोणाचे पंधरा गुंठे, कोणाचे वीस. सगळे मिळून तीस-पस्तीस एकर असतील. कोणी गलांडा लावलाय, कोणी शेवंती, कोणी निशिगंध, मध्येच मेथी नाहीतर कोथिंबीर, आणि बांधापलीकडे नुकतंच नांगरलेलं. वरून बघितलं तर गोधडी. कॉम्प्युटरला त्यातलं काहीच ओळखू येईना. प्रत्येक तुकडा अडीच एकराच्या आत, म्हणून एकेक करत तो शेजारच्यात मिसळला. शेजारी काय, तर पाटबंधारे खात्याची मोठी मोकळी जागा. झालं. सगळे मळे पडीक.

तपासणीला मी गेले तेव्हा माझा एक ठिपका, म्हणजे जाऊन बघायची जागा, नेमका विमलबाईंच्या मळ्यात पडला. विमलबाई माझ्याच वयाच्या, नवरा वारलेला, दोन मुली. पहाटे फुलं तोडून बाजारात नेणाऱ्या. मी तिथे यंत्र हातात धरून गोल गोल फिरतेय हे बघून त्या ओरडल्या, “ओ ताई, काय हरवलं? मंगळसूत्र का?”

मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी पदराला हात पुसून तो घेतला.

“माझा मळा लाल कामून?”

“हिरवं लाल दिसतं त्यात.”

“अन् हा?” त्यांनी माझ्या हातातल्या नकाशावर बोट ठेवलं. “हितं तर पार मातीचा रंग हाय.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. अडीच एकराचा नियम, शेजारच्यात मिसळणं, संकुल, मोकळी जागा. लपवण्यासारखं काय होतं? त्यांच्याच जमिनीबद्दल होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“फुलाचा बाजार बांधायला फुलाचा मळा घेनार? ह्या लोकान्ला डोकं हाय का नाय?”

उत्तर मला माहीत होतं, पण नोकरी होती म्हणून दिलं नाही.

ऑफिसात येऊन साहेबांसमोर बसले. म्हटलं, पाटाकडे तीस-पस्तीस एकर फुलशेती आहे आणि आपण तिथे पडीक दाखवतोय.

“शैलाबाई, एकेक तुकडा बघा. बसतोय का नियमात?”

“मग ‘फुलं-भाजी मळे’ असा एकच रंग करा. सगळे तुकडे मिळून एक होतील.”

“असा प्रकार यादीत नाही. यादी वरून येते.”

“निदान मेधासारखी खूण करा. इथे काहीतरी आहे, आम्हाला नीट ओळखता आलं नाही, इतकंच लिहा.”

साहेब हसले. ते हसणं आठवलं की अजून माझं पित्त खवळतं. “अहो बाई, ते फ्रेंच आहे. इथे गिऱ्हाइकाला नकाशात भोकं चालत नाहीत.”

“दिंडोरीच्या बागेचं भोक बरं बुजवलंत तुम्ही एका रात्रीत!”

यावर त्यांना एकदम एसीचा आवाज जास्त यायला लागला. उठून तो कमी-जास्त करत बसले. शेवटी एवढंच म्हणाले, की खात्याला अंतिम नकाशा पावसाळ्यानंतरच्या फोटोवर करून हवाय. “तेव्हा दिसलं तर दिसलं. मी कशाला नाही म्हणू?”

हेच मी विमलबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी मळेवाल्यांना पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी जमवलं. मी पुन्हा सगळं समजावलं. एक म्हातारे काका म्हणाले, “सातबाऱ्यावर तर फुलं लिवलेली हायेत की.” म्हटलं, खात्यातला माणूस म्हणतो, सातबारा तलाठी लिहितो, हा फोटो उपग्रह काढतो. यावर काकांनी उपग्रहाच्या आईचा उद्धार केला. मला बरं वाटलं.

विमलबाई मात्र विचारात होत्या. “ताई, समद्यांनी एकच पीक लावलं तर? तर येक मोठ्ठा तुकडा दिसंल ना?”

“दिसेल,” मी म्हटलं. खरं तेच होतं.

“मंग समदे झेंडू लावू. दसरा-दिवाळीला तसाही लागतोच. बघू दे त्याला वरून डोळे फाडून.”

“पण पावसाचे ढग असले तर वरून काही दिसत नाही,” मी सांगितलं. “ढग हटेपर्यंत फोटो मिळत नाही.”

“दिवाळीपतुर हटतीलच की.”

ते मळेवाले एकमेकांशी कधी धड बोलले नव्हते. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून त्यांच्यात कायम भांडणं. पण त्या वर्षी पाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झेंडू लागला. मी नवरात्रात गेले तेव्हा बघतच राहिले. एवढा केशरी रंग मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. विमलबाईंच्या धाकट्या मुलीने वर आकाशाकडे बघून हात हलवला. सगळे हसले. भाव पडला, कारण सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला, पण त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. मळा राहिला म्हणजे पुढच्या वर्षी भाव बघता येईल, असं विमलबाई म्हणाल्या.

त्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला. उपग्रह येऊन जायचा आणि फोटोत नुसता कापूस. दसऱ्याला ढग. दिवाळीच्या तोंडावर ढग. मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन वर बघायचे. नवरा म्हणायचा, पाऊस नको म्हणणारी मनमाडची पहिली बाई तूच.

मग दिवाळी झाली आणि आभाळ एकदम निरभ्र झालं. पुढच्या फेरीत स्वच्छ फोटो आला. मी धावत कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. साहेब पडद्याकडे बघत होते, आणि यंत्राशी भांडावं न लागता काम झालं की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा तो झाला होता.

पाटाच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उघडी माती होती.

दिवाळी संपल्यावर झेंडू कोण ठेवतो? भाऊबीज झाली आणि सगळ्यांनी झाडं उपटली, नांगर घातला, कांद्याची रोपं लावायची तयारी केली. एकदम लावलं होतं, म्हणून एकदमच काढलं. दर वर्षीसारखं असतं, तर कोणाचा निशिगंध उभा असता, कोणाची मेथी, कुठेतरी चार लाल ठिपके दिसले असते. या वर्षी एकही नाही. आता तो तुकडा अडीच एकराच्या आतला नव्हता, शेजारच्यात मिसळायची गरजच नव्हती. नियमात चोख बसणारी, सलग, तीस-पस्तीस एकर पडीक जमीन. झाडं उपटायची वेळ आणि उपग्रहाची वेळ जुळेल हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. मी ढगांची काळजी करत बसले होते.

“बघा,” साहेब म्हणाले, “तुम्हीच म्हणत होता ना, फोटोत दिसलं पाहिजे.”

मी त्या खात्यात गेले. एकदा नाही, अनेकदा. झेंडूचे हातातल्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो घेऊन गेले. तिथला अधिकारी म्हणाला, “मॅडम, हे तुम्ही खालून काढलेत.” कप्पाळ माझं! पाण्याच्या रांगेत मी कधी कोणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं. इथे रांगच नव्हती, ज्याला फोन करता येतो तो आधीच आत जाऊन बसलेला. आमच्या नकाशाला शाबासकी मिळाली. कंपनीने पेढे वाटले. मेधाने तिचा पेढा न खाता परत डब्यात ठेवला, आणि मला या सगळ्या प्रकरणातली तेवढी एकच गोष्ट आनंदाने आठवते.

मळे गेले. मोबदला मिळाला, नाही असं नाही. विमलबाईंनी त्यात मोठीचं लग्न केलं आणि शहरात दोन खोल्या घेतल्या. पाटाकडे तारेचं कुंपण झालं, पाटी लागली, पाटीवर संकुलाचं रंगीत चित्र. चित्रात बायका फुलांच्या टोपल्या घेऊन हसत होत्या. मग खात्यात बदल्या झाल्या, संकुल दुसऱ्या जागी करायचं ठरलं, ते तिथेही झालं नाही.

काही वर्षांनी त्याच भागाचा नवा नकाशा करायचं काम आमच्याकडे आलं. साहेबांच्या डोक्यावर आता काळा कलप होता आणि कॉम्प्युटर चपटे झाले होते. तपासणीचे ठिपके यंत्रच निवडतं. माझा एक ठिपका तारेच्या कुंपणाच्या आत पडला. मी फटीतून शिरले. मोटारीच्या खोलीचं छप्पर उडालेलं, पाटीवरचं चित्र उन्हाने पांढरं झालेलं, आणि जिथवर नजर जाईल तिथवर गाजरगवत, कमरेएवढं. जीपीएस आता सुधारलं होतं. मी नेमकी विमलबाईंच्या मळ्यात उभी आहे हे त्याने अचूक सांगितलं. कॉम्प्युटरचं उत्तर होतं पडीक. समोर पाहिलं. माझंही उत्तर तेच. मेधाची ती खूण करावी असं फार वाटलं, पण खोटं झालं असतं. न कळण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

परत येताना गंगापूर रोडवर सिग्नलपाशी थांबले. विमलबाई तिथे फुटपाथवर बसतात, बाजारातून विकत आणलेली फुलं घेऊन. मला बघितलं की गजरा बांधायला घेतात, पैसे घेत नाहीत, मग आमचं दर वेळी भांडण होतं. माझ्या गळ्यातलं यंत्र बघून म्हणाल्या, “आज कुठं दौरा?”

मी सांगितलं.

दोरा दातांनी तोडत त्यांनी विचारलं, “मंग? आता काय दिसतं वरून?”

“पडीक.”

“अन् खालून?”

मी गळ्यातलं यंत्र काढून पिशवीत टाकलं. त्यांनी गजरा पानात गुंडाळून माझ्या हातात दिला.

“म्हंजे आलं की तुमचं बरोबर,” विमलबाई म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.